सांजपत्र आणि सकाळपत्र

गोव्याचा कार्निव्हल आपल्या परिचयाचा आहे. ख्रिस्ती उपवासाचे चाळीस दिवस सुरू होण्याआधी मनसोक्त खाऊन, नाचून घ्यायचे, ही त्यामागची कल्पना. व्हिएन्नात याच हंगामाला 'फाशिंग' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिथे वकील, डॉक्टर, इंजिनिअर अशी प्रत्येक व्यवसायाची मंडळी या दिवसांत आपापला नृत्यसमारंभ भरवीत आणि त्यासाठी नामवंत संगीतकारांकडून नवे वॉल्ट्झ करवून घेत. वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावर जोडीने गिरक्या घेत करायचे नृत्य.

'कॉन्कॉर्डिया' ही १८५९ मध्ये स्थापन झालेली तिथल्या पत्रकारांची आणि लेखकांची संस्था. १८६४ च्या फाशिंगसाठी तिला वॉल्ट्झ मिळाला तो पॅरिस गाजवणाऱ्या जाक ऑफेनबाखचा. आपल्या नव्या ऑपेरासाठी तो तेव्हा व्हिएन्नात आला होता. वॉल्ट्झचे बारसे पत्रकारांनीच केले: 'आबेंडब्लेटर', म्हणजे सांजपत्रे. मग व्हिएन्नाचा लाडका धाकटा योहान स्ट्राउस कसा मागे राहील? त्याच्या वॉल्ट्झला नाव मिळाले 'मोर्गेनब्लेटर', सकाळची वृत्तपत्रे!

१२ जानेवारीला सोफियनबाड सभागृहात हा सामना रंगला. उन्हाळ्यात हा पोहण्याचा तलाव. हिवाळ्यात त्यावर फळ्या अंथरून नाचाची सोय करीत. सुरुवातीला वाहवा जास्त मिळाली ती पाहुण्याला. आपल्याच गावात, आपल्याच रसिकांपुढे स्ट्राउस मागे पडला.

पण ऑफेनबाख पॅरिसला परतला. स्ट्राउस बंधूंचा वाद्यवृंद मात्र व्हिएन्नातच होता. आज 'मोर्गेनब्लेटर' जगभर वाजतो, 'आबेंडब्लेटर' क्वचितच कानी पडतो. तीन वर्षांनी, १८६७ च्या फाशिंगमध्येच, स्ट्राउसचा 'ब्लू डॅन्यूब' जन्मला.

ऑफेनबाख हरला म्हणावे, तर तेही खरे नाही. ज्या ऑपेरासाठी तो व्हिएन्नात आला होता, तो ४ फेब्रुवारी १८६४ रोजी रंगमंचावर आला आणि पुढे विस्मरणात गेला. मात्र त्यातली एक चाल त्याने 'टेल्स ऑफ हॉफमन'मध्ये पुन्हा वापरली. त्याच्या मृत्यूनंतर, १८८१ मध्ये, हा ऑपेरा रंगमंचावर आला आणि 'बार्कारोल' म्हणून ती चाल अमर झाली.

पत्रकारांनी त्या वॉल्ट्झना वृत्तपत्रांची नावे दिली, ती थट्टेत. वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. पण त्यातले एखादे कात्रण कोण किती वर्षे जपून ठेवील, हे छापणाऱ्याला थोडेच ठाऊक असते?