लहान विमानाची नवी पिढी

शहापूर-मुरबाडच्या शेतात लावणी करणाऱ्याने मान वर केली, तर मुंबईकडे निघालेले एखादे विमान ढगांच्या फटीतून दिसते. मुरबाडकर तर रेल्वेचीच वाट वर्षानुवर्षे पाहत आलेले. त्यांना विमानाची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण मित्रहो, गाडी एस.टी.ची असो की आकाशातली, लहान गावाचा प्रश्न एकच असतो: मोजक्या प्रवाशांत फेरीचा खर्च भागवायचा कसा?

या प्रश्नाला ब्राझीलने चिकाटीने उत्तर शोधले. 1969 साली तिथल्या सरकारने एम्ब्राएर ही कंपनी काढली. 1994 मध्ये ती खासगी झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे पन्नास आसनांचे जेट उडाले. 2002 मध्ये त्याहून मोठे ई-170 आकाशात गेले. मग इंधन महागले, नवी इंजिने आली, आणि 2013 च्या पॅरिस प्रदर्शनात कंपनीने 'ई-2' ही सुधारित पिढी जाहीर केली.

सगळे नव्याने न करता, मध्यल्या खुर्चीची अडचण नसलेला जुना सांगाडा तिने ठेवला. पंख, इंजिन व नियंत्रणव्यवस्था मात्र बदलली. नव्या इंजिनात दातेरी चक्रांची पेटी असते. त्यामुळे पुढचा मोठा पंखा सावकाश आणि मागचे टर्बाइन वेगाने, असे दोघेही आपापल्या सोयीच्या गतीने फिरतात. इंधन वाचते, आवाजही घटतो. 23 मे 2016 रोजी पहिले उड्डाण झाले. एप्रिल 2018 मध्ये नॉर्वेच्या विडेरो कंपनीने ते सेवेत आणले.

याच पिढीतले धाकटे ई-175 डिसेंबर 2019 मध्ये उडाले, पण काम पुढे थांबले. अमेरिकेतील विमान कंपन्या आणि वैमानिक संघटना यांच्या करारांत अशा विमानाच्या वजनाला सुमारे 39 टनांची मर्यादा आहे, आणि हे विमान तिच्याहून जड. जपानच्या मित्सुबिशीनेही असेच विमान उडवून दाखवले, तरी फेब्रुवारी 2023 मध्ये प्रकल्प गुंडाळला. विमान उडणे आणि विमान खपणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

आपल्याकडे काय झाले? कानपूरला परवान्याखाली बांधलेले पहिले ॲव्रो 748 नोव्हेंबर 1961 मध्ये उडाले. ते जेट नव्हते, टर्बोप्रॉप होते. अशी 89 विमाने आपल्या कामगारांनी घडवली. पण त्याची पुढची पिढी आली नाही. 'सारस' 2004 मध्ये उडाले; 2009 च्या चाचणीत झालेल्या अपघातात तिघांचे प्राण गेले आणि काम रखडले.

मागणी मात्र होती. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर 2019 मध्ये उतरली, ती ब्राझीलची जेट घेऊन. ऑक्टोबर 2025 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने रशियाच्या एसजे-100 जेटसाठी मॉस्कोत सामंजस्य करार केला.

करार कागदावर होतो, पण कसब हातांत मुरावे लागते. कानपूरच्या हातांना पुढचे काम मिळत राहिले असते, तर नांदेड-कोल्हापूरच्या धावपट्टीवर आज कदाचित आपलेच विमान उतरले असते. नवी पिढी घडवायची, तर आधीची पिढी घडवणारे हात रिकामे ठेवून चालत नाही.