तयार धारेची कुऱ्हाड

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे. परंतु कुऱ्हाडीच्या धारेनेंही एके काळीं आपल्या घडविणाऱ्यांचाच घात केला, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. ती अमेरिकेंत घडली.

सतराव्या शतकांत इंग्लंडांतून अटलांटिकपार गेलेल्या लोकांनीं जी कुऱ्हाड बरोबर नेली, तिचें पातें लांब असून, दांडा जेथें बसतो त्या नेढ्याच्या मागें लोखंड जवळजवळ नव्हतेंच. वजन सारें पुढें. त्यामुळें घाव घालतांना पातें हातांत डळमळे. इंग्लंडांतील विरळ रायांत हें खपून जाई. परंतु जेथें शेत काढावयाचें म्हणजे आधीं अरण्य पाडावयाचें, तेथें हा दोष रोज खांद्यास जाणवूं लागला. अठराव्या शतकांत तेथील लोहारांनीं पातें आखूड केलें व नेढ्यामागें लोखंडाचा जाड गट्टू ठेवण्यास आरंभ केला. मागच्या वजनानें पुढचें वजन तोललें गेलें आणि घाव सरळ बसूं लागला. या सुधारणेचें श्रेय कोणा एका संशोधकाचें नव्हे; तें गांवोगांवच्या भात्यांचें आहे. पोलाद महाग, म्हणून अंग लोखंडाचें आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तावून सांधलेली, अशी ही कुऱ्हाड असे.

ती विकत मिळे तेव्हां बोथटच असे. ग्राहकानें घरीं नेऊन स्वतः धार काढावी, अशी रीत होती. १८२६ सालीं कनेक्टिकट संस्थानांत फार्मिंग्टन नदीच्या कांठीं सॅम्युएल व डेव्हिड कॉलिन्स या बंधूंनीं एका आप्ताच्या भागीदारींत कारखाना काढला, आणि धार लावून तयार केलेली कुऱ्हाड बाजारांत आणली. नदीच्या जोरावर तेथें घण चालत. १८३२ सालीं आलेल्या एलिशा रूट या कल्पक कारागिरानें पुढें घडाईचीं यंत्रें बसविलीं. माल भराभर खपला. गांवाचें नांवच कॉलिन्सव्हिल पडलें.

धार मात्र आपोआप निघत नसे. रेतीच्या दगडाची प्रचंड सहाण गरगर फिरे, तिच्यावर पाणी सुटे, आणि कामकरी तिच्यावर ओणवा होऊन अंगाच्या भारानें पातें दाबून धरी. पाण्यामुळें धूळ बसते, असा समज होता. वस्तुतः दगडाचे अतिसूक्ष्म कण तुषारांबरोबर उडत व त्याच्या छातींत जाऊन बसत. प्रथम खोकला, मग धाप, आणि पुष्कळदां अखेर क्षय. १९२० च्या सुमारास कनेक्टिकटांतील कुऱ्हाडींच्या कारखान्यांत वैद्यकीय पाहणी झाली, तेव्हां सहाणेवरील लोकांत क्षयाचें प्रमाण इतर कामकऱ्यांहून फारच अधिक आढळलें. ग्राहकाचे श्रम वाचले ते असे! आणि ती विकतची धार तरी किती दिवस टिकणार? पहिल्या कांहीं झाडांनंतर घासण्याचें काम पुन्हा मालकाकडेच येई. कॉलिन्सव्हिलचा कारखाना १९६६ मध्यें बंद झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, पोटासाठीं नव्हे तर विश्रांतीसाठीं रानांत मुक्काम करणारा शहरी वर्ग अमेरिकेंत उदयास आला. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा त्याचा वाटाड्या. ‘नेसमुक’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या या गृहस्थाचें ‘वुडक्राफ्ट’ हें पुस्तक १८८४ सालीं निघालें. बाजारांतील कुऱ्हाडी त्यास पसंत पडेनात, तेव्हां त्यानें लहानशी दुधारी कुऱ्हाड मुद्दाम घडवून घेतली. तिची एक धार बारीक, लाकडासाठीं; दुसरी किंचित् जाड, गांठी व हाडें यांसाठीं. एकच धार सर्व कामांस वापरली कीं ती कोठेंतरी तुटतेच.

मुक्कामासाठीं कुऱ्हाड निवडतांना आजही तोल आधीं पाहावा, वजन मागाहून. दांड्याच्या लाकडाचे रेषे पात्याच्या दिशेनें उभे असावेत. आडवे असले तर दांडा घावासरसा मोडतो. सैल झालेला दांडा रात्रभर पाण्यांत ठेवून फुगविण्याची खोड पुष्कळांस असते. वाळल्यावर तो पूर्वीहूनही सैल होतो, आणि निसटलेलें पातें जवळ उभ्या असलेल्याच्या अंगावर जातें. नवी पाचर ठोकावी व दांड्यास जवसाचें तेल चोळावें. धार काढावयाची ती कानशीनें, मग बारीक दगडावर, सावकाश. विजेच्या चाकावर घाई केली तर पातें तापून निळें पडतें व पोलादाचें पाणी उतरतें. मग कितीही घासलें तरी धार टिकत नाहीं.