मनगटावरचा नाका

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडे त्र्यंबकहून घाटवळणे घेत जाणाऱ्या एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीने, मूत्रपिंडाच्या जुनाट दुखण्याने मळमळ नित्याचीच झालेली असल्यामुळे, डाव्या मनगटाच्या घडीपासून वर तीन बोटे आडवी मोजली आणि दोन शिरांच्या मधल्या खळगीत अंगठा रोवला. "असं दाबलं का उमळ बसते, बाबा," ती म्हणाली. दवाखान्यातल्या बाईंनी दाखवले होते म्हणे.

चिनी वैद्यक सुई टोचण्याच्या या बिंदूस 'नेइग्वान' म्हणते. आपल्या मुलकी भाषेत सांगायचे तर आतला नाका. आपल्याकडे सारे काही पूर्वीच होते, असे मानणाऱ्यांना येथे सुश्रुताची 107 मर्मे आठवतील, आणि त्यांत मनगटावरचे मणिबंधही आहे. परंतु सुश्रुताचे मर्म हे मुख्यतः शस्त्रापासून जपण्याचे स्थान, आणि छर्दीवर, म्हणजे ओकारीवर, आपल्या वैद्यांचा भर मोरपिसे जाळून केलेल्या मषीसारख्या औषधांवर. हा नाका चीनचाच.

तो इकडे आला त्याची हकिकत मात्र एका सोलापूरकराच्या नावाशी जोडलेली आहे. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस 1942 मध्ये तेथेच निवर्तले. ते शल्यचिकित्सक, सुईवैद्य नव्हेत. सुईची विद्या त्यांच्या पथकातील बिजयकुमार बसूंनी पुढे चीनमध्येच आत्मसात करून 1959 पासून कलकत्त्यात रुजवली, तरी तिच्या प्रसाराला नाव मिळाले ते बहुधा कोटणिसांचेच. कीर्तीचा हिशेब असाच चालतो.

सुईऐवजी अंगठा पुरतो का, हा प्रश्न बेलफास्टचे भूलतज्ज्ञ डंडी यांनी ऐंशीच्या दशकात हाती घेतला. मनगटावर गुंडी दाबून धरणारे लवचिक पट्टे लोकांना ठाऊक झाले तेही त्याच सुमारास. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या मळमळीवर सुई उपयोगी पडते, असा निर्वाळा 1997 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने दिला. मूळ दुखणे यातले काहीच हटवीत नाही, आणि डॉक्टरांची गोळी चुकवावी असेही यातून निघत नाही.

हरसूल आले तेव्हा म्हातारीने अंगठा उचलला. मनगटावर नखाची अर्धचंद्राकार खूण उमटली होती. तिच्यावर पदर ओढून, पिशवी सांभाळीत ती उतरली.