दाहक क्षार आणि अन्ननलिकेचें दर्शन

साबण करण्यासाठीं आणि तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यासाठीं अमेरिकेंतील घरोघरीं एके काळीं कॉस्टिक सोडा ठेवीत असत. पांढरा पदार्थ पाहून मूल त्याला साखर समजे, तोंडांत टाकी, आणि क्षणार्धांत जन्माची व्यथा पदरीं येई. हा क्षार मांस विरघळवीत खोलवर शिरतो. ओठांवर फारशी खूण नसली तरी अन्ननलिकेंत मोठी जखम असूं शकते. कांहीं आठवड्यांनीं ती जखम आंखडते, नलिका अरुंद होते आणि धडधाकट मूल अन्नावांचून झिजूं लागतें.

ही अदृश्य जागा पाहण्याच्या दोन वाटा निघाल्या. पहिली वाट नळीची. १८६८ सालीं जर्मनींत डॉक्टर कुसमाऊल यांनीं तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या घशांतून सरळ नळी आंत उतरविली. दुसरी वाट क्ष-किरणांची. रंटगेन यांना त्यांचा शोध १८९५ सालीं लागला. परंतु मऊ अवयवांची छाया त्यांत नीट उमटत नसे. म्हणून हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन यांनीं त्यानंतरच्या वर्षांत प्राण्यांना बिस्मथ मिसळलेलें अन्न देऊन त्याचा मार्ग पाहिला. पुढें १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट वापरांत आलें. तें गिळलें कीं नलिका कोठें आवळली आहे हें छायेंत स्पष्ट दिसूं लागलें.

या दोन्ही वाटांचा उपयोग पिट्सबर्ग व फिलाडेल्फिया येथें शेव्हालिए जॅक्सन (१८६५–१९५८) यांनीं मुलांसाठीं केला. टोंकाशीं चिमुकला दिवा असलेली त्यांची नळी जखमेपर्यंत पोंचे. क्षार गिळलेली सात वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. तिला पाण्याचा घोटही गिळतां येत नव्हता. त्यांनीं नळींतून आंत अडकलेला मळकट गोळा काढला. मग तिनें भीत भीत एक घोट घेतला. तो खालीं उतरला. तिनें पेला बाजूला सारला आणि डॉक्टरांच्या हाताचें चुंबन घेतलें.

अशीं मुलें एकामागून एक येऊं लागलीं, तेव्हां केवळ नलिका रुंद करीत बसणें जॅक्सन यांना पुरेसें वाटेना. डब्यावर कसलीच सूचना नसे, हें खरें मूळ होतें. त्यांनीं अमेरिकन वैद्यक संघटनेच्या साह्यानें वर्षानुवर्षें चळवळ केली. अखेर ४ मार्च १९२७ रोजीं कायदा झाला. दाहक पदार्थांच्या घरगुती वेष्टनावर पदार्थाचें नांव, ‘विष’ हा ठळक शब्द आणि अपघातांत करावयाचा उपाय छापणें बंधनकारक ठरलें.

१९७१ सालीं लंडनमध्यें हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें रुग्णाच्या मेंदूचें पहिलें छेदचित्र घेतलें. आज अशाच चित्रांत अन्ननलिकेची व जठराची भिंत किती खोल जळाली आहे याचा अंदाज येतो. नलिकेला छिद्र पडल्याची शंका असल्यास बेरियम टाळतात. तरीही आंतली जखम पाहण्याआधीं ती होऊं न देण्याचें काम डबा नीट झांकून उंचावर ठेवणाऱ्या हाताचेंच राहतें.