मरणशय्येवरील माघार

ज्युबिलीच्या आनंदांत आपल्या मृत बांधवांची आठवण होणारच. त्यांच्या आत्म्यांचा न्याय झाला आहे, कीं व्हावयाचा आहे?

या प्रश्नावर एकदां प्रत्यक्ष पोपमहाशयच चुकले. इ. स. १३३१ च्या सर्व संतांच्या सणीं फ्रान्सांतील आव्हिन्यों येथें बाविसावे योहान यांनीं प्रवचनांत असें मत मांडिलें कीं, पुण्यवंतांस देवाचें साक्षात् दर्शन अंतिम न्यायापूर्वीं घडत नाहीं. हें मत त्यांनीं ख्रिस्तसभेवर लादिलें नाहीं, हें खरें. तथापि पारिसच्या धर्मपंडितांनीं कडाडून विरोध केला. ३ डिसेंबर १३३४ रोजीं त्या अतिवृद्ध पोपमहाशयांनीं मरणशय्येवर कार्डिनलांसमक्ष आपलें मत मागें घेतलें, आणि दुसरे दिवशीं देह ठेविला. आयुष्याची एकच रात्र उरली असतां आपली चूक आपल्याच मुखानें कबूल करणें किती जणांस साधतें!

त्यांच्यामागून आलेले बारावे बेनेदिक्त यांनीं २९ जानेवारी १३३६ रोजीं आज्ञापत्र काढून निर्णय दिला: निर्मळ आत्मे मरणानंतर लागलेच देवदर्शन पावतात, शुद्धिस्थानांतील आत्मे शुद्ध होतांच पावतात, आणि प्राणघातक पापांत मेलेले तत्काळ नरकांत जातात. तरीही अंतिम दिवशीं सर्व माणसें सदेह ख्रिस्ताच्या न्यायासनासमोर उभीं राहून स्वतःच्या कृत्यांचा हिशेब देतील. बापाच्या नव्हे, शेजाऱ्याच्याही नव्हे.