सहकुटुंब

आमच्या घरातली सहल म्हणजे बाबांची गाडी, मागच्या सीटवरची भांडणं, कसाऱ्याच्या घाटात कुणाला तरी उलटी आणि शेवटी एखादा किल्ला नाहीतर देऊळ. २०२३च्या दिवाळीत ठाण्याहून त्र्यंबकेश्वरला निघालो तेव्हाही बेत एवढाच होता: दर्शन, कुशावर्त, जेवण, परत.

रांगेत उभं राहून मी फोनवर देवळाचा इतिहास वाचत होते. नानासाहेब पेशव्यांनी १७५५मध्ये काम सुरू केलं, ते संपलं १७८६मध्ये. मधल्या काळात पानिपत झालं, नानासाहेब गेले, माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला. इथे दगडावर दगड चढतच होता. पेशव्यांचा इतिहास असा दोन मिनिटांत सापडतो. आपल्या घराचा कुठे सापडायचा?

दर्शन झाल्यावर आजी म्हणाली, "आता आपल्या उपाध्यायांकडे चला." आजी चौऱ्याऐंशीची. तिला नाही म्हणायची कुणाची टाप नाही.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. कोणत्या गावचे, कोणत्या आडनावाचे यजमान कुणाकडे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आपण मूळ गाव आणि आडनाव सांगायचं. गुरुजी जुनं पान काढतात. त्यावर आधी येऊन गेलेल्यांनी सांगितलेली नावं असतात: वडील, आजोबा, चुलते, भाऊ. नंतर झालेल्यांची भर आपण घालायची आणि खाली सही करायची. पुढे कुणी आलं की त्याचं खातं तिथून सुरू. पुरावा एकच, तुम्ही इथवर आलात.

आम्ही संगमनेर तालुक्यातलं गाव सांगितलं. थोड्या वेळाने पणजोबा सापडले. नोंद मोडीत होती, गुरुजींनी वाचून दाखवली. पणजोबा बैलगाडीने आले होते, असं घरात सांगतात. वहीला गाडीशी काही देणंघेणं नाही. मग आजोबा, १९६१. निळी शाई, देवनागरी, ओळखीचं वळण. स्वतःचं नाव, वडिलांचं, तिन्ही भावांची, तान्ह्या बाबांचंसुद्धा. आणि शेवटी एक शब्द, 'सहकुटुंब'.

आजीने विचारलं, "माझं नाव कुठाय?"

गुरुजी हसले. "हे काय आजी, सहकुटुंब. कुटुंब म्हणजे तुम्हीच की."

"नाशिकपासून एसटीत उभी राहून आले होते मी," आजी म्हणाली. "कडेवर हा होता." हा म्हणजे बाबा, वय त्रेसष्ट, हातात गाडीची किल्ली.

त्याच दिवसांत राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालला होता. धूळ खात पडलेल्या मोडी कागदांना एकाएकी भाव आला होता. कुठेतरी आपलं नाव लिहिलेलं असणं म्हणजे काय, हे रोज बातम्यांत दिसत होतं. तोवर मला वाटायचं, जे घडलं ते नोंदलं जातं. त्या पानासमोर कळलं, नोंद होते ती ज्याला विचारलं त्याची. आजी तिथेच शेजारी उभी होती, पण विचारलं आजोबांना. आणि ज्यांना शेजारीही उभं राहू दिलं नाही, त्यांचं काय? इथून तीसेक किलोमीटरवर, नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३०ला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ज्यांना देवळाच्या दारात अडवलं, त्यांच्या नातवंडांनी पणजोबांचं नाव शोधायला कुणाची वही उघडायची? आमचं पान इतकं भरलेलं आहे, ते आमच्या पणजोबांना कुणी अडवलं नाही म्हणूनही.

बाबांनी पेन माझ्याकडे दिलं. "तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी आधी आजीचं नाव लिहायला घेतलं. गुरुजींनी हरकत घेतली नाही, फक्त विचारलं, "आडनाव माहेरचं की सासरचं?"

आजी थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. चौसष्ट वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिला बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"दोन्ही लिही," ती म्हणाली. "जागा आहे ना?"

जागा होती.