ब्लूजसाठी पत्र्याची रेझोनेटर गिटार: घेताना काय बघायचं आणि सेटअप कसा करायचा?

रील्स बघताना ही गिटार कधीतरी तुमच्यासमोर आली असेल. पूर्ण धातूची, आरशासारखी चकचकीत, मध्ये गाडीच्या व्हील कव्हरसारखी भोकांची गोल प्लेट आणि वाजवणाऱ्याच्या करंगळीत काचेची नळी. हिला रेझोनेटर गिटार म्हणतात.

आमच्या कारेगावात एका मित्राने दिवाळीच्या बोनसमधून अशीच एक सेकंड हँड गिटार घेतली. तो रांजणगाव एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये कामाला आहे, त्यामुळे पत्र्याचं काम कसं ओळखायचं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. फोटोत बॉडी बघितली, एक ओरखडा नाही, पैसे पाठवले. गिटार आली. तिसरी तार छेडली की डब्यात खडे हलवल्यासारखी खरखर! बॉडी खरंच उत्तम होती. बिघाड आत होता, आणि आतलं त्याने काही विचारलंच नव्हतं. म्हणून आज आपण आधी आतलंच बघू.

आवाज पत्र्यातून येतो का?

नाही. बहुतेक जण इथेच फसतात.

घरातला जुना स्पीकर आठवा. मध्ये कागदाचा शंकू असतो. विजेच्या सिग्नलने तो पुढेमागे हलतो, हवा ढकलतो आणि आवाज होतो. रेझोनेटर गिटारमध्ये असाच शंकू असतो, फक्त ॲल्युमिनियमचा. त्याला कोन म्हणतात. जाडी जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी या कोनवर बसलेली असते. तार हलली की घोडी हलते, घोडी कोनला हलवते. बॅटरी नाही, वायर नाही, तरी हा स्पीकरच झाला. धातूची बॉडी म्हणजे त्या स्पीकरची पेटी. पेटीचा आवाजावर परिणाम होतो, पण पेटी कितीही भारी असली तरी आतला पडदा फाटका असेल तर स्पीकर वाजेल का?

ही युक्ती काढली जॉन डोपेरा यांनी. १९२० च्या दशकात गिटारसाठी अँप्लिफायर सर्रास मिळत नव्हते आणि बँडमधल्या पिपाण्या-ढोलांपुढे गिटार ऐकूच यायची नाही. जॉर्ज बीचम नावाचा हवाईयन गिटार वाजवणारा कलाकार मोठ्या आवाजाची गिटार हवी म्हणून डोपेरांकडे गेला, आणि १९२७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नॅशनल कंपनीच्या पहिल्या धातूच्या गिटार बाजारात आल्या. त्यांच्या बॉडी प्रेसवर काढून देणारा टूल अँड डाय शॉपचा मालक होता अडॉल्फ रिकनबॅकर. पुढे बीचम आणि रिकनबॅकर यांनीच इलेक्ट्रिक गिटार आणली आणि मग रेझोनेटरची गरजच कमी झाली! आमच्या प्रेस शॉपवाल्या मित्राला हा भाग सगळ्यात जास्त आवडला.

ब्लूजशी नातं जमलं ते आवाजामुळे आणि किमतीमुळेही. टँपा रेड १९२८ पासून सोन्याचा मुलामा दिलेली नॅशनल वाजवायचा, पण मंदीच्या काळात निघालेली साधी पोलादी मॉडेल गरीब वादकांच्या हातात गेली. बुका व्हाइटची ड्युओलियन अशीच पोलादी. आपल्याकडे हीच स्लाइडची पद्धत हवाईयन गिटारच्या नावाने आली. घरातल्या आजोबांना व्हॅन शिप्ली हे नाव विचारून बघा, हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या त्यांच्या तबकड्या त्यांनी ऐकलेल्या असतील.

कोणता प्रकार घ्यायचा?

कोनचे तीन प्रकार आहेत. पहिला, एकच साडेनऊ इंची कोन आणि त्याच्या टोकावर लाकडी चकती. या चकतीला बिस्किट म्हणतात (पार्ले-जी आठवलं तरी चालेल, आकार गोल आहे एवढंच). आवाज मोठा, कोरडा, लवकर विझणारा. डेल्टा ब्लूजसाठी हाच घ्या. दुसरा ट्रायकोन, म्हणजे सहा इंची तीन छोटे कोन आणि त्यांना जोडणारी टी आकाराची पट्टी. आवाज गोड, जास्त वेळ टिकणारा, आणि किंमतही जास्त. तिसरा स्पायडर ब्रिज, त्यात कोन वाटीसारखा बसतो आणि घोडीखाली कोळ्याच्या पायांसारखा सांगाडा असतो. हा बहुतेक लाकडी बॉडीत येतो आणि ब्लूग्रास संगीतात जास्त चालतो. पहिलीच गिटार असेल तर बिस्किटवाली. माझं यावर दुसरं मत नाही.

बॉडी पोलादाची, पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची असते. पोलाद जरा कर्कश, पितळ थोडं भरदार. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, तेव्हा कुणी चांदीचा भाव सांगितला तर हसून सोडून द्या. विक्रेता पितळ म्हणत असेल तर साधं चुंबक लावून बघा. पोलादाला ते घट्ट चिकटतं, पितळेला नाही. वर निकेल प्लेटिंग असेल तर हलकीशी ओढ जाणवू शकते.

आणखी एक, मान बघा. चौकोनी मानेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात, तिच्या तारा इतक्या उंच असतात की बोटाने दाबताच येत नाहीत. तुम्हाला गोल मानेची हवी. ऑनलाइन फोटोत समोरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून मानेचा मागून काढलेला फोटो मागवा.

अमेरिकेतल्या आजच्या नॅशनल रेझो-फोनिक कंपनीच्या गिटार तीन-चार हजार डॉलरच्या घरात जातात, वर वाहतूक आणि कस्टम ड्युटी. त्या आपण बघून सोडून देऊ. ग्रेट्शची हनी डिपर, रेकॉर्डिंग किंग आणि रीगल यांची धातूची मॉडेल त्यापेक्षा बरीच स्वस्त असतात. मुंबईच्या फुर्टाडोससारख्या जुन्या दुकानात (१८६५ पासूनचं आहे) फोन करून आधी विचारा. ही गिटार नेहमी दुकानात टांगलेली नसते, मागवावी लागते, आणि शिरूर तालुक्यातून मुंबईची फेरी फुकट जाऊ नये.

सेकंड हँड घेताना फोनचा खरा उपयोग

विक्रेत्याकडून फोटो नको, व्हिडिओ मागा. एकच शॉट, मागे गाणं नाही, इफेक्ट नाही. प्रत्येक मोकळी तार, मग प्रत्येक तारेवर बाराव्या पडद्यापर्यंत एकेक सूर. सहा तारा, पाच मिनिटांचं काम. जो विक्रेता एवढंही करत नाही त्याच्याकडून घेऊ नका. गाणं वाजवून दाखवलेल्या व्हिडिओत खरखर लपते.

प्रत्यक्ष हातात आली की फोनचा टॉर्च कव्हर प्लेटच्या भोकांतून आत मारा. कोनवर पोचा, चीर, किंवा घोडीखाली कोन खोलगट झालेला दिसतोय का? सहा तारांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास असतो. तो सगळा कोनवर येत नाही, पण जो काही भाग खाली दाबतो तोच एवढ्या पातळ पत्र्याला पुरेसा असतो. खूप जाड तारा वर्षानुवर्षं ताणून ठेवल्या की कोन बसतो.

मग टेप काढा. वरच्या नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, मग बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतचं. दुसरं अंतर पहिल्याएवढं किंवा दोन-चार मिलिमीटर जास्त हवं. कमी भरलं तर कोन जागेवरून सरकलाय आणि गिटार वरच्या पडद्यांवर कधीच सुरात येणार नाही. ट्यूनर ॲपवरही कळतं: बाराव्या पडद्यावर तार दाबल्यावर मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर यायला हवा.

पैशांचं एकच लक्षात ठेवा. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही. "ॲडव्हान्स परत करतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा गिटारवाला नसतो.

सेटअप: तारा, उंची, सूर

तारांचा १३-५६ चा सेट घ्या, म्हणजे पहिली तार ०.०१३ इंच आणि सहावी ०.०५६ इंच. बारीक तारांवर काचेची नळी ठेवली की त्या दबून पडद्यांवर आपटतात. तारा बदलताना एकेक बदला. बिस्किटवाल्या गिटारमध्ये कोन चिकटवलेला नसतो, नुसत्या तारांच्या दाबाने बसलेला असतो. सगळ्या एकदम काढल्या तर तो सरकतो.

आता उंची. बाराव्या पडद्याच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजायचं. नळी आणि बोटं दोन्ही वापरायची असतील तर सहाव्या तारेला अडीच ते तीन मिलिमीटर, पहिलीला दोनच्या थोडं वर. एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या खिशात फिलर गेज असतोच, त्याने मानेचा बाकही मोजता येतो: पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली की सातव्या पडद्याजवळ ०.२ मिमीच्या आसपास फट हवी. उंची अर्धा मिमी कमी करायची तर घोडी एक मिमी घासावी लागते. इथे हात आवरा. घोडी फार खाली गेली की तारांचा कोनवरचा दाब कमी होतो, आवाज बसतो आणि खरखर सुरू होते. घासलेलं परत येत नाही.

आपल्याकडे हे काम नवीन नाही. मिरजेचे सतारमेकर घोडीचा माथा घासून जवारी काढतात, तिथे तारेची झिणझिण मुद्दाम आणायची असते. रेझोनेटरमध्ये तीच नको असते. पण केसाएवढ्या फरकाने आवाज बदलतो हे दोन्हीकडे सारखंच.

ब्लूजसाठी ओपन जी ट्यूनिंग लावा. जाड तारेकडून बारीककडे: डी, जी, डी, जी, बी, डी. साध्या ट्यूनिंगमधून सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक स्वर खाली येते, वर काहीच चढत नाही, म्हणून कोनला धोका नाही. पेटी शिकलेल्यांसाठी सोपं करून सांगतो. पांढरी पाचचा सा धरा: प सा प सा ग प. झालं! मोकळ्या सहाही तारा म्हणजे सा, पाचव्या पडद्यावर नळी आडवी ठेवली की म, सातव्यावर प. बारा मात्रांच्या नाही, बारा बारच्या ब्लूजला एवढ्या तीन जागा पुरतात. नळी पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या तारेवर धरायची, आणि दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मागची बोटं तारांवर हलकी ठेवा म्हणजे किरकिर थांबते.

आता तिसऱ्या तारेवर तिसऱ्या पडद्यापासून चौथ्याच्या जरा अलीकडे घसरत या. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधला तो सूर म्हणजे ब्लूजचा जीव. मींड ऐकून वाढलेल्या कानाला तो लगेच सापडतो.

खरखर आली तर?

आधी कव्हर प्लेटचे स्क्रू बघा. सैल असतील तर हलक्या हाताने आवळा, कचकचून नाही. मग तारांची वरची टोकं पत्र्याला लागतायत का, खुंट्यांच्या चकत्या सैल आहेत का ते बघा. वाजवताना बोटाने प्लेट जागोजागी दाबा. एखाद्या जागी खरखर थांबली तर चोर तिथेच आहे. कुठेच थांबली नाही तर कोन.

आमच्या मित्राच्या गिटारचा कोनच निघाला. बदलणं अवघड नव्हतं: तारा सैल केल्या, वरच्या बाजूला चिकटपट्टीने धरून ठेवल्या, खालचा तारधर सोडवला, प्लेट उघडली आणि कोन कडेने उचलला, बिस्किट धरून ओढला नाही. कोन बसतो ती कड कापडाने पुसली, नवीन कोन ठेवला, तारा हळूहळू ताणल्या. पहिले दोन-तीन दिवस गिटार सारखी उतरत होती. नवीन कोन बसायला तेवढा वेळ लागतो.

दोन गोष्टी राहिल्या. फोनवर रेकॉर्ड करताना फोन कोनच्या समोर ठेवू नका, आवाज फाटतो. हातभर लांब, जरा बाजूला, बाराव्या पडद्याच्या दिशेने ठेवा आणि रेकॉर्डर ॲपमधलं नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर विझत जाणारा सूर ॲपला कचरा वाटतो. आणि वाजवून झालं की घाम पुसा, पत्र्याच्या शेडखाली खोली असेल तर दुपारी गिटार पिशवीत ठेवा. उन्हाने तापली की सूर हलतात.

हिचा आवाज मात्र कमी करता येत नाही. आमच्याकडे शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून आलेली पोरं दिवसा झोपलेली असतात. मित्र घोडीजवळ तारांखाली रुमाल घालून सराव करतो आणि रुमाल काढतो फक्त संध्याकाळी, शेजारी कामावर निघाले की.